तमालपत्र

मिलानहून अर्ध्या तासाची गाडी.
उतरले तर समोर गाव नव्हतंच,
धुकं होतं,
आणि धुक्यातून सायकलींच्या घंट्या तेवढ्या येत-जात होत्या.

घरमालकीण इव्होन म्हणाली, दहापर्यंत थांबा,
पाविया उशिरा उठतं.
बोटभर कॉफी दिली
आणि नकाशावर नखानं रेघ ओढली :
विद्यापीठ, मग पूल, मग नदी.

विद्यापीठाच्या फाटकात कुणी अडवलं नाही.
अंगणातून अंगण, कमानीमागे कमान,
पिवळ्या भिंतींवर जुन्या प्राध्यापकांचे संगमरवरी तुकडे :
शिकवता शिकवता दगड झालेले,
एक हात वर,
समोर बाकांवर कोरलेली पोरं.
कोपऱ्यातला एक चक्क पेंगत होता.
त्याला मी लगेच ओळखलं.

शिपाई एर्मेते. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा.
माझी इटालियन चौदा शब्दांची,
त्याचं इंग्रजी त्याहून काटकसरीचं.
मी बोटांची चिमूट करून दाखवली,
काचपट्टी, थेंब, वरून झाकण, आणि डोळा लावला मुठीला.
हसला तो.
चीरफाडीच्या वर्गाचं दार उघडलं.

उभ्या चढणीचे बाक. खाली मधोमध
एकच टेबल, पुसलेलं.
मी सगळ्यात वर बसले, जिथून पळता येतं.

एकोणतीस वर्षं मी पेशी रंगवल्या,
जांभळ्या आणि गुलाबी,
सही दुसऱ्यांची.
आणि इथून जवळच एका डॉक्टरनं
स्वयंपाकघरातच प्रयोगशाळा थाटून
मेंदूचा तुकडा चांदीच्या क्षारात भिजत घातला होता,
कडधान्य घालावं तसा.
मग एकेक पेशी उभी राहिली, काळी,
पानं झडलेल्या झाडासारखी.
त्या घरात भांडी कोण घासत असेल?
एर्मेतेला विचारायचं होतं,
पण चौदा शब्दांत भांडी नव्हती.

बाहेर गलका.
आज पदव्या.
नोएमी नावाची मुलगी, लाल फितीचा हिरवा मुकुट डोक्यावर,
मैत्रिणी तिच्यावर पीठ उधळतायत,
आजी ओरडतेय, कोट, कोट सांभाळ!
मी मुकुट न्याहाळला.
अगं बाई, हे तर आपलं तमालपत्र!
आपलं नव्हे, चुलत घरातलं,
पण नाक फसत नाही.
जे आपण भातातून वेचून काढतो
ते इथं डोक्यावर बांधतात.

एका मावशीनं माझ्या हातात फेसाळता ग्लास दिला
आणि काहीतरी विचारलं.
सूर ओळखीचा होता, लग्नातला :
तुम्ही कुणाकडच्या?
पॅथॉलॉजीकडची, मी मराठीत म्हणाले.
तिनं समाधानानं मान हलवली.

पायाशी एक पान गळून पडलेलं. उचललं.
सेकंड इयरला सोडलेलं माझं बी.एस्सी.
इतक्या वर्षांत मला आठवलं नव्हतं,
किंवा रोज आठवत होतं,
आता नक्की सांगता येत नाही.

छपराच्या पुलावर उभी राहिले.
पूल बॉम्बनं पडला, लोकांनी पुन्हा बांधला,
थोडा बाजूला, पण छप्पर हवंच म्हणाले.
खाली तिचीनो, धुक्याच्या आत कुठंतरी,
आवाजानं कळणारी.

रात्री इव्होनचं सूप.
खिशातलं पान मी तिच्या हातावर ठेवलं,
तिनं विचारलं नाही, धुतलं,
उकळत्या पातेल्यात टाकलं.

वाढताना ते नेमकं माझ्याच थाळीत आलं.
आणि सवयीनं, गप्पांच्या नादात,
मी ते चमच्यानं कडेला सारलं.