मागीलदारचा दिवा

मेन पाडल्यावर
फ्रिज एकदा थरथरला आणि गप्प झाला.
इनासने रांधपातला बोर्ड उघडला.
आत पालीची दोन अंडी
आणि तांब्यावर चढलेला हिरवा गंज.
"खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान गे,"
म्हणत त्याने तेवढी तार कापली,
नवी दातांनीच सोलली.

चिऱ्याला भोक पाडताना लाल भुकटी
माझ्या धुतलेल्या भांड्यांवर.
पंख्याच्या लायनीतून फाटा निघाला बाहेर,
शिरोड्याहून आणलेला नऊ वॅटचा बल्ब,
वर तेलाचा डबा कापून केलेली टोपी.

आम्हाला उजेड हवा होता
विहिरीपर्यंत, न्हाणीपर्यंत,
फार तर फणसापर्यंत.
पण मोजणी जमिनीची होते.
हा गडग्यावरून सरळ पलीकडे उतरला,
जिथे सात वर्षं
आमची कोंबडीसुद्धा गेली नाही.

आठच्या सुमारास टोप घेऊन बाहेर आले,
तर पलीकडे वच्छी, विळी मांडून
आमच्या उजेडात बांगडे कापत.
मान वर केली नाही तिने.
मीही हाक मारली नाही.

बटण आत, दाराच्या कडेला.
तिचा शेवटचा बांगडा धुवून होईपर्यंत
मी तो एकच टोप
तीनदा घासला.