पूल उघडणाऱ्याचे हात

तेहतीस वर्षं मी पूल उघडला.
बोट आली की घंटा, घंटा झाली की फाटक खाली,
मग तो लोखंडी तुकडा कण्हत आभाळाकडे,
आणि मी गळाच्या काठीला टांगलेला लाकडी बूट
पाण्यावरून पुढे करायचो, टोलसाठी.
कुणी नाणी टाकी, कुणी बटण.
एका जर्मनाने एकदा उकडलेलं अंडं टाकलं होतं.
गरम होतं अजून.

आता आमचा पूल लेवार्डनहून उघडतो.
तिथे एका खोलीत एक मुलगी
पडद्यावर अकरा पूल सांभाळते.
चांगली आहे. एकदा फोनवर बोललो.
बुटाचं सांगितलं तर हसली,
मग म्हणाली, थांबा हं, बोट आलीय.

हातांना निवृत्ती कळत नाही.
जेवताना चमचा फिरवत राहतात, झाकणं,
दाराच्या मुठी.
म्हणून मंगळवारी सिब्रेनच्या सायकल-दुकानावरच्या माडीत जातो.
सात-आठ जण, एक किटली, वंगणाचा वास,
भिंतीवर खडूने दोन नियम:
कुलूप स्वतःचं असावं.
कुलूप वापरातलं नसावं.
खाली कुणीतरी तिसरा जोडलाय:
कॉफीचे पैसे डब्यात.
डब्याला कुलूप नाही.

माझं कुलूप द्राख्तनच्या जुन्या बाजारातलं, दोन युरोचं,
कुठल्याशा कपडे धुण्याच्या यंत्रावरून उतरलेलं.
गोल तोंड, आत सात पिना कडं करून बसलेल्या,
आणि मधोमध एक खांब,
जणू सात म्हाताऱ्या शेकोटीला.
किल्ली हरवलेली. किल्ली म्हणजे तरी काय,
एक बुटकी नळी, काठावर कुरतडलेली.

तयार हत्यार सत्तर युरोला मिळतं.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
बेकरीतली येल्त्ये, वय एकोणीस,
बाहीवर कायम पीठ,
म्हणाली, आजोबा, घरीच करू.

तर घरीच केलं.
संपलेल्या पेनाची नळी,
भंगारातल्या गाडीच्या वायपरमधल्या पोलादी पट्ट्या,
फुटक्या ट्यूबचं रबर.
पहिलं वाकलं.
दुसऱ्याची नळी मी मेणबत्तीजवळ ठेवून विसरलो.
तिसऱ्यात एक पट्टी इतकी आखूड घासली गेली
की येल्त्ये म्हणाली, हिला शाळेत घाला.
चौथं हातात बसलं.
खर्च एक युरो दहा सेंट,
आणि अंगठ्याला पट्टी.

कुणाला वाटेल, यात चोरी शिकतात.
चोराला इतका वेळ नसतो.
मी अकरा मंगळवार बसलो.
तिसरी पीन आळशी आहे.
पाचवी खोटं बोलते:
बसले म्हणते, आणि पाठ वळली की उठते.
डोळे मिटले की बोटांतून ऐकू येतं,
पूल बोलायचा तसंच,
तो माझ्याशी गुडघ्यांतून बोलायचा.
हिवाळ्यात कुठला दात कुरकुरणार
हे मला आदल्या रात्री कळे.

अकराव्या मंगळवारी ते वळलं.
आवाज नाही. नुसतं, हो, असं.
मागे काय होतं? काही नाही.
पकडीत आवळलेलं नुसतं कुलूप,
पलीकडे सिब्रेनचा शर्ट.
ना दार, ना पेटी, ना नाणं.
तरी मी वाकून पाहिलं.

येल्त्ये मान वर न करता म्हणाली,
परत करून दाखवा.
नाही जमलं.

जूनचा उजेड, साडेदहा वाजले तरी मावळेना.
घरी येताना फाटक खाली.
मीही उभा राहिलो, सायकलवाल्यांच्या रांगेत,
खिशात ते पेन.
एक शिडाची बोट गेली, पोरगं डेकवर झोपलेलं.
त्यांच्यापुढे कुणी बूट धरला नाही.
मी खांबावरच्या कॅमेऱ्याकडे पाहून टोपी उचलली.
ती पाहत असेल, नसेल. दहा पूल आणखी आहेत तिला.

पूल खाली आला, शेवटचा हातभर
जरा सावकाश,
मी आणायचो तसा.
यंत्रच ते. तसं बसवलेलं असेल.