बोलेल तो मी

मस्कतच्या हॉटेलात, तळमजल्यावर, परिषद:
‘सामुद्रधुनी आणि उद्याचा बाजार’.
मागच्या भिंतीला आमची काचेची पेटी,
आत दोन खुर्च्या, दोन माइक, पाण्याचा जग,
आणि दर वीस मिनिटांनी माझ्या तोंडचं बोलणं
मधल्यामधे काढून घेणारी इख्लास, खार्टूमची.

नियम एकच. बोलेल तो मी.
‘ते म्हणतात’ असं म्हणायचं नाही.
म्हणून साडेदहाला मी निवृत्त नौदल अधिकारी होते.
म्हणाले, मला युद्ध नको, पण माझा संयम कुणी मोजू नये.
अकराला मी लंडनहून आलेला विमेवाला.
जहाजाच्या किमतीवर अर्धा टक्का,
गोळी सुटली तर पाऊण.
हे मी हसत सांगितलं, कारण तो हसत होता.
चहाआधी मी बँकेची बाई झाले,
पिंपाला नव्वद डॉलर धरून
तीन देशांचं अंदाजपत्रक चार वाक्यांत बसवलं.
पडद्यावर नकाशा, नकाशावर निळे ठिपके,
एकेक ठिपका म्हणजे एकेक जहाज.

अब्बा मत्रहच्या धक्क्यावर पोती मोजायचे,
चार रेघा उभ्या, पाचवी आडवी.
घरी येऊन सांगायचे, अरबी शिक पोरी,
निम्मी तर आपल्या सातबाऱ्यातच आहे.
आहे खरी. पण ओळखीचे शब्द इकडे
भलत्याच घरात नांदतात.
तारीख म्हणजे इतिहास.
गरीब म्हणजे परका.
मेहनत म्हणजे आपत्ती.
पहिल्या वर्षी मी दोनदा घसरले होते.
नंतर नाही.

शेवटी प्रश्नोत्तरं, दहा मिनिटं.
मागच्या रांगेतून एकजण उठला,
गळ्यात पाहुण्याचं कार्ड, पायात रबरी सपाता.
हरेश्वर चोगले, हर्णैचा.
जहाज सोहारसमोर नांगरावर, मालक फोन घेत नाही.
हिंदीत सुरू झाला, तिसऱ्या वाक्याला मराठीवर आला.
आमच्या यादीत त्याची भाषा नव्हती.
सूत्रसंचालकाने काचेकडे पाहिलं.
पाळी इख्लासची होती. तिने हात वर केले.

मी म्हणाले, मला अकरा महिने पगार नाही.
मी म्हणाले, मी पहाटे ताडपत्रीवरचं दव पुसतो
आणि फडकं बादलीत पिळतो.
मी म्हणाले, तो वरून तिसरा ठिपका,
त्यात आम्ही सातजण आहोत.
मी म्हणाले, माझी एवढीच तक्रार आहे

आणि तिथे घसरले.
‘शकवा’ म्हणायला हवं होतं.
तोंडातून गेला आपलाच शब्द, जसाच्या तसा.
अरबीत तक्रार म्हणजे पुन्हा तेच ते.

सूत्रसंचालकाने मान डोलावली.
बरोबर, म्हणाला, पुनरावृत्ती टाळूया, वेळ कमी आहे.
आणि नियमाप्रमाणे हेही मीच म्हणाले,
रिकाम्या चार नंबरच्या चॅनेलवर,
त्याच्या कानात, मराठीत.

‘दुभाष्याची चूक झाली, दुरुस्ती अशी’:
एवढं एकच वाक्य आम्हाला स्वतःचं म्हणून मिळतं.
मी बटण दाबेपर्यंत
इख्लासने माइक ओढला होता,
आता ती अर्धा टक्का होती.

नंतर तो जेवणाच्या टेबलाशी दिसला,
कागदी रुमालात खजूर बांधताना.
सहाजणांचे, म्हणाला, माझे मी इथेच खाल्ले.
मी माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं,
अब्बांचंही, दाभोळचं.
ऐकत होता. रुमालाला दुसरी गाठ मारली.

“ते शेवटचं, वेळ कमी आहे म्हणून,
ते तुम्हीच बोललात ना?
आवाज तुमचाच होता.”