विग्रह

पहाटेचे पावणेचार. तोर्सहावनच्या धक्क्यावर
धुकं इतकं, की बोटीचा दिवा बोटीपासून सुटा वाटतो.
कचेरीत रानवा एकटी.
समोर पडद्यावर एकच ओळ,
सुरू कुठे होते ते दिसतं, संपते कुठे ते नाही.

तिच्यात बोट, बोटीचे मजले, मजल्यांवरच्या गाड्या,
गाड्यांतली माणसं, माणसांच्या पिशव्या,
लोकरीचे गठ्ठे, वाळवलेलं मटण, रंगाचे डबे,
सगळं एका दमात, स्वल्पविरामांनी कसंबसं टाचलेलं.
ओळ कसली, समासच तो.
शाळेत मास्तर फळाभर लिहायचे तसला,
ज्याच्या विग्रहाला उभं राहताना
आपलंच नाव विसरायला व्हायचं.

आकडा जुळत नाही.
तिकिटांच्या हिशेबात दोनशे बारा,
ओळीच्या पोटात दोनशे तेरा.
जुळल्याशिवाय बारुर दोर सोडणार नाही.
त्याचे दोन फोन येऊन गेले:
एक माणूस जास्त म्हणजे काय गं?
जाकिटं मी स्वतः मांडलीयत.

ती बोट लावून वाचू लागते.
कंस उघडतो, त्यात कंस, त्याच्याही आत कंस,
महिरपी, चौकटी, परत महिरपी.
एखादा मोकाट सुटला तर नावाला जागतो,
पण तेही तपासून झालंय, सगळे जिथल्या तिथे.
मिटणारे तर शेवटी दाटीवाटीने उभे,
कोण कुणाचा, ओळखू येत नाही.
कॉफी गार. पुन्हा पहिल्यापासून.

मग ती वाचणंच सोडते,
आणि सात ओळींचं एक फंक्शन लिहिते:
कंस उघडला की खाली उतर,
दोन जागा रिकाम्या ठेव,
आत अजून काही असेल तर स्वतःलाच हाक मार,
कंस मिटला की दोन जागा मागे ये.
बास.
नवं काही सांगत नाही ते,
पदरचं एक अक्षर घालत नाही.
समास सोडतं,
आणि समास सुटतो.

बोट
  मजला: खालचा
    गाडी: व्हॅन, निळी
      माल
        पेटी: लाकडी, लांबी दोनशे दहा
          प्रवासी
            नाव: हानुस
            वय: एकाहत्तर
            कुठून: कोपनहेगन, इस्पितळ
            कुठे: त्वोरोयरी
            परतीचं तिकीट:

सहाव्या पायरीवर रानवा थांबते.

कुठल्याशा खिडकीवर कुणीतरी
पेटी नीट मालात दाखल केली,
वजन लिहिलं, माप लिहिलं,
आणि आत काय, या रकान्यापाशी
त्याला माल लिहवेना.
चूकच ती. नियमात बसत नाही.
एक कळ दाबून पुसता येईल.

रानवाचं बोट त्या कळीवर जातं. तिथून परत येतं.
ओळीला ती हात लावत नाही.
मोजणाऱ्यालाच सांगते:
मालाच्या आत शिरून माणसं मोजू नकोस.
दोनशे बारा.
फाइल मिटते, दोन-दोन जागा मिटतात,
सगळं पुन्हा एका ओळीत जाऊन झोपतं.
यंत्राला काय, त्याला तेवढं पुरतं.

फोन लागतो.
दोनशे बाराच आहेत, बारुर. सोड दोर.
आणि मग तो तेरावा कोण?

ती सांगते.

पलीकडे बराच वेळ नुसतं इंजिन,
आणि लांबून कुणाच्या तरी कुत्र्याचं भुंकणं.
मग बारुर कुणावर तरी ओरडतो,
फोन तोंडापासून दूर धरून:
ती निळी व्हॅन मागे कशाला घेताय?
दाराशी लावा.
तो कायम सगळ्यांच्या आधी उतरायचा.