आठवा प्रश्न

गुरुवारी माझी पाळी.
सर कोपऱ्यात बसणार, एक शब्द बोलणार नाहीत,
तसं त्यांनी फळ्यावर लिहूनच दिलंय, खाली सही करून.
गोष्ट छोटी, नऊ पानांची :
लाइट गेलेले, एक कंपाउंडर, तापानं फणफणलेली मुलगी, तिची आई,
आणि एक थर्मामीटर, जो तो झटकतो
आणि सांगतो, "नव्याण्णव. काळजी नको."

पहिला प्रश्न लिहिला : कंपाउंडरचे स्वभावचित्र रेखाटा.
लिहिता लिहिता हात आपोआप समास सोडून
पाच मार्कांचं उत्तर आखायला लागला.
खोडला.
दुसरा : लेखकाला यातून काय सुचवायचे आहे?
जणू तो बिचारा दाराबाहेर चपला काढून उभा आहे
आणि आपण आत त्याची तोंडी परीक्षा लावलीय.
तिसरा : खोटं बोलणं केव्हा योग्य ठरतं?
ह्याच्यावर नेहल आणि अल्तमश तासभर भांडतील,
बाकं वाजतील,
गोष्ट मात्र कुणी उघडणार नाही.

असे सात झाले. सातही बरोबर.
नुसते बरोबर.

रात्री बाबांना विचारलं.
नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये एकोणतीस वर्षं
त्यांनी छापून आलेले कागद तपासले, उभ्यानं.
चूक कशी शोधायचात हो?
भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले,
"शोधायचो कुठे. बोट थांबायचं.
का थांबलं, ते मग बघायचं."

मग मी गोष्ट बोटानं वाचली, पहिलीतल्या पोरासारखी.
औषधांच्या बाटल्यांवरून बोट सरळ गेलं,
आईच्या रडण्यावरूनही गेलं, ह्याचं मला जरा वाईट वाटलं,
आणि सहाव्या पानाच्या तळाशी अडलं.
आधी झटकला.
मग म्हणाला.

आठवा प्रश्न एका ओळीत मावला :
झटकायच्या आधी त्याने तो वाचला होता का?
उत्तर मला येत नव्हतं.
खाली जागा सोडली होती,
ती सकाळी कॉलेजरोडला उतरेपर्यंत कोरीच.

वर्गात विचारला, आणि शांतता.
पंख्याची कुरकुर, बाहेर कुणाची तरी स्कूटी सुरू होईना.
माझ्या कानाच्या पाळ्या गरम.
आमच्याकडे गोदेला पूर आला की
किती पाणी सोडलं, हा आकडा पेपरात असतो,
तरी जो तो विचारतो,
दुतोंड्या मारुतीला कुठवर लागलं?
कुणी गुडघा सांगतं, कुणी छाती,
आणि ऐकून कुणाचंच भागत नाही,
अख्खं गाव पुलावर जाऊन वाकून बघतं.

मागून बेंडकुळे बोलला.
गिरणाऱ्याहून पहिल्या बसनं येणारा,
जूनपासून हजेरीपुरताच "हजर".
"पण कंदील तर आई घेऊन गेलीय ना,
पाणी आणायला? पान पाच.
अंधारात वाचला कसा?"

मी पाचवं पान चार वेळा वाचलं होतं.

एकदम सगळीकडून पानं उलटल्याचा आवाज,
नेहल अल्तमशच्याच पुस्तकात वाकलेली,
कुणी म्हणालं, परत आली असेल, कुणी म्हणालं, दाखव कुठे लिहिलंय,
माझ्या सात प्रश्नांचा कागद
कुणीतरी पेन चालतंय का बघायला घेतला.

कोपऱ्यात सर गप्पच होते, ठरल्याप्रमाणे.
फक्त खिसे चाचपत होते.
चष्मा सापडत नव्हता त्यांना.