कुत्रं आडवं आलं

धरमपुरीच्या वळणावर, सांवेर रोडला,
धुक्याच्या दिवसांत माझ्या मेसीचं इंजिन गार होत नाही.
साखळी सीटखालीच असते.
किती घाबरलाय,
ते टॉर्चच्या हलण्यावरून कळतं.

सगळे एकच सांगतात : कुत्रं आडवं आलं.
पांढरी क्रेटा, शेवेचे डबे नेणारी ओमनी,
एकदा तर नवरदेवाची, गुलाबांसकट.
भेरू म्हणतो, दादा, इतकी कुत्री
अख्ख्या इंदूर जिल्ह्यात नाहीत.
मी मान हलवतो. हूक शोधतो.
पहिला गिअर, क्लच हळू,
आणि चारीतला चिखल
बूच निघाल्यासारखा बोलतो.
पाचशे. ओळखीचा निघाला तर चहा.

काल रात्री साडेतीनला एक बाई.
एकटी. हेडलाइट लसणाच्या वाफ्यात खुपसलेले.
मीच म्हटलं, कुत्रं आलं असेल.
नाही, म्हणाली. कुणीच नव्हतं.
मीच वळवली.

गाडी वर आली. बंपर सोडला तर धड.
तिनं पर्स उघडली.
मी साखळीशी खटपट करत राहिलो,
गाठ बसलीये म्हटलं
(साखळीला कुठं गाठ बसते)
आणि भेरूला दूध आणायला पिटाळलं.
उजाडायला अजून बराच वेळ होता.