रकाना नववा

लघवी तपासायला देतात तसली बाटली,
आत सतरा खडे.
कामठीच्या मिलिटरी हॉस्पिटलात भूल उतरताना
नर्सने उशाशी ठेवली. तुमचे आहेत, सांभाळा.
मी मोजून घेतले. सहा वर्षं स्टोअरला काढलेला माणूस,
मोजल्याशिवाय ताबा घेत नाही.
चिंचोक्याच्या रंगाचे, एकमेकांना घासून पैलू पडलेले,
अंधारात इतकी वर्षं दाटीवाटीनं राहिलेले.

बोर्डाने दोन ओळींत निकाल लावला:
सेवेमुळे उद्भवलेला नाही.
सेवेमुळे वाढलेला नाही.
मेजरसाहेब माझ्या थोरलीच्या वयाचे, हसून म्हणाले,
नागपूरचे ना तुम्ही? मग त्या सावजीच्या रश्श्याला विचारा.
मी सावधान उभा होतो.
सावधानमध्ये हसता येत नाही.
साहेब, चोवीस वर्षं सरकारचं खाल्लं.
सावजी सुट्टीत, तेही पहिल्या रविवारी.
दुसऱ्या रविवारपासून बायको वांग्यावर यायची.
आता हे सतरा कुणाच्या नावानं फोडू?

सैनिक कल्याण कार्यालयाबाहेर कडुनिंबाखाली
निनावे अर्ज भरून देतो. फौजेतलाच क्लार्क,
टेबलाच्या एका पायाखाली विटेचा तुकडा.
"खडा टाकून पाहू ना भाऊ," म्हणाला, "आपलं काय जाते?"
आणि स्वतःच्याच बोलण्यावर खोकेपर्यंत हसला.
मग विचारत गेला: चौकी कोणती, किती फुटांवर,
चढताना वजन किती, उतरताना किती.

तिथलं काय सांगायचं.
स्टोव्हवर बर्फ वितळवायचा, पाण्याला रॉकेलचा वास,
म्हणून पाणी कमी.
डब्यातल्या मटणाची चरबी थिजून चमच्याला चिकटायची,
दोन दोन दिवस जेवण नकोच वाटायचं.
नव्वद दिवसांत अकरा किलो गेले.
कुठे गेले, तेव्हा विचारलं नव्हतं.
बरगडीखालची पहिली कळ तिथलीच, रात्री, पहाऱ्यावर.
ती मी सांगितली नाही.
सांगितली असती तर माझ्या जागी खालून टोप्पो चढला असता,
लग्नाला महिना झालेला पोरगा.

"हे टाकू नको," मीच म्हणालो. "पुरावा नाही."
"दुखल्याची पावती कोणाजवळ रायते बावा?"
म्हणत त्याने टाकलंच.

मग रकाना नववा.
घरात आणखी कुणाला हा आजार होता काय? होय / नाही.
"नाही," निनावेनं माझ्याकडे न बघता म्हटलं.
"होय म्हटलं का फाइल मेली."

माझी आई मनसरच्या खाणीवर मँगनीज निवडायची,
चांगला दगड डाव्या टोपलीत, वाईट उजव्या.
रात्री उजव्या कुशीला गरम वीट बांधून बसायची भिंतीला टेकून.
आम्ही त्याला वायगोळा म्हणायचो.
मी भरती झालो त्या उन्हाळ्यात तिचे डोळे हळदीसारखे झाले.
सोनोग्राफी नाही, बोर्ड नाही.
कुठल्या खाणीने तिला विचारलं नाही
उद्भवलं, का वाढलं.

आता माझ्या नाहीवर महिन्याचे काही हजार,
पोरीची फी, घराची गळती.
आणि तिचं एवढं दुखणं
एका टिचभर चौकटीत दुसऱ्यांदा खोटं पडणार.

"होय लिही," म्हणालो.
"येडा झाला का?"
"आणि पुढे तिचं नाव."
"नावाले जागा नाही तिथं."
"समासात लिही. पेनानं."

निनावेनं चष्मा पुसला. समोरून दोन बस गेल्या.
मग खिशातून पेन काढलं, टोपण दातात धरलं.
"नाव?"
"दुर्पता."
"दु कसा? पहिला का दुसरा?"

फौजेच्या कागदांवर मी तिला
नेहमी इंग्रजीतच लिहिलं होतं.